दुर्बीण नक्की कोणी शोधली? मिडलबर्गच्या कागदपत्रांवरून एक उत्तर

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या मुलीच्या स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात दुर्बिणीचा शोधक म्हणून हान्स लिपर्शे, 1608 असं छापलंय. दुसऱ्या पुस्तकात झकारियस यान्सन, 1590. आणि शाळेत आपण सगळेच गॅलिलिओ शिकलो. मग खरं कोण?

मी दुर्बिणी बनवतो, जुन्या दुरुस्त करतो आणि आरसा-भिंगं घासायला शिकवतो. शिकायला येणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर 'लिपर्शे, 1608' लिहावं. गॅलिलिओने दुर्बीण शोधली नाही. हॉलंडमध्ये असं काही निघालंय हे ऐकून त्याने 1609 मध्ये स्वतःची बनवली, ती झपाट्याने सुधारली आणि आकाशाकडे वळवून जे पाहिलं ते 1610 मध्ये छापलं. त्याचं मोठेपण तिथे आहे. यान्सनचा 1590 चा दावा माझ्या मते टिकत नाही, कारणं पुढे देतो. पण लिपर्शे हा 'शोधक' म्हणण्यापेक्षा 'कागदावर नाव सापडणारा पहिला माणूस' आहे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या फरकातच आहे.

(मूळ कागदांत नाव लिपरहे असं आहे, लिपर्शे हे रूप नंतर रूढ झालं. इथून पुढे मी लिपरहे लिहितो.)

आधी कागद काय सांगतात ते पाहू. 25 सप्टेंबर 1608 रोजी नेदरलँड्समधल्या झीलंड प्रांताच्या (मिडलबर्ग हे त्यातलं मुख्य शहर) कार्यकारी मंडळाने हेगमधल्या आपल्या प्रतिनिधींना एक पत्र धाडलं. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाकडे एक साधन आहे, त्यातून फार लांबच्या वस्तू जवळ असल्यासारख्या दिसतात असं तो म्हणतो, डच सेनापती प्रिन्स मॉरिट्सना ते दाखवायची त्याची इच्छा आहे, तर त्याला मदत करा, असा मजकूर. दुर्बिणीच्या इतिहासातला हा पहिला निर्विवाद कागद. आणि त्यात त्या माणसाचं नावच नाही!

नाव येतं आठवड्याने. 2 ऑक्टोबरच्या स्टेट्स जनरलच्या, म्हणजे डच प्रांतांच्या मध्यवर्ती सभेच्या, इतिवृत्तात नोंद आहे की वेझेलमध्ये जन्मलेला, मिडलबर्गला राहणारा चष्मे बनवणारा हान्स लिपरहे याने या साधनावर 30 वर्षांचा एकाधिकार मागितला आहे, ते जमत नसेल तर वार्षिक तनखा. सभेने समिती नेमली, साधन मॉरिट्सच्या निवासाच्या मनोऱ्यावरून तपासायला सांगितलं आणि लिपरहेला विचारलं की दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं बनवता येईल का. भिंगं काचेची नकोत, स्फटिकाची हवीत. पत्र आणणारा तो लिपरहेच, असं आपण या दोन कागदांची सांगड घालून म्हणतो. सांगड भक्कम आहे, पण आहे ती सांगडच.

14 ऑक्टोबरला झीलंडहून हेगला आणखी एक पत्र गेलं. आमच्या इथे एक तरुण आहे, त्यालाही ही कला येते म्हणतो आणि त्याने तसंच साधन दाखवलंय. याही पत्रात नाव नाही.

लगेच 17 ऑक्टोबरला सभेपुढे तिसरा माणूस उभा राहिला, अल्कमारचा याकोब मेटियस. त्याचं म्हणणं, मी दोन वर्षं यावर खपतोय, आणि माझं साधन साध्यासुध्या मालाचं असूनही मिडलबर्गच्या चष्मेवाल्याने नुकत्याच दाखवलेल्या साधनाच्या तोडीचं आहे असं खुद्द प्रिन्सचं मत पडलं. सभेने त्याला 100 गिल्डर (तेव्हाचं डच चलन) दिले आणि काम आणखी पक्कं करून या असं सांगितलं.

या सगळ्यात एक चौथा माणूस आहे आणि तो हॉलंडच्या बाहेरचा पुरावा म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. जर्मन ज्योतिर्विद सिमोन मारियस 1614 च्या आपल्या पुस्तकात लिहितो की 1608 च्या शरद ऋतूत फ्रँकफर्टच्या जत्रेत त्याचा आश्रयदाता फुक्स फॉन बिम्बाख याला एका नेदरलँड्सच्या माणसाने असंच साधन विकायला दाखवलं. त्यातलं एक भिंग तडकलेलं होतं. किंमत अवाच्या सवा सांगितली, सौदा फिसकटला. त्या विक्रेत्याचंही नाव नाही.

म्हणजे एका शरद ऋतूत दोन नावं असलेली माणसं आणि दोन बिननावाची. 15 डिसेंबरला सभेने लिपरहेची दोन डोळ्यांची दुर्बीण पसंत केली आणि आणखी दोन मागवल्या, पण एकाधिकार नाकारला. कारण लिहून ठेवलंय: ही गोष्ट आणखी बऱ्याच जणांना ठाऊक आहे असं दिसतं. तिन्ही दुर्बिणींचे मिळून त्याला 900 गिल्डर मिळाले, त्यातून त्याने शेजारचं घर घेतलं. म्हणजे मोबदला चांगला मिळाला, हक्क मात्र मिळाला नाही. चारशे वर्षांनी आपण जो वाद घालतो त्याचा निकाल त्या सभेने अडीच महिन्यांत दिला होता, आणि त्यांच्यापुढे तर साधनं आणि माणसं प्रत्यक्ष होती.

इतकं झटपट इतक्या लोकांना कसं काय ठाऊक झालं? याची दोन कारणं. पहिलं राजकीय. त्या सप्टेंबरात स्पेनशी तहाची बोलणी चालू होती आणि स्पॅनिश सेनापती स्पिनोला स्वतः हेगमध्ये होता. मॉरिट्सने साधन त्यालाही दाखवलं! त्याच काळात छापलेल्या एका वार्तापत्रात हे सगळं आलं: हेगच्या मनोऱ्यावरून डेल्फ्टचं घड्याळ आणि लायडनच्या चर्चच्या खिडक्या दिसल्या, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तारेसुद्धा दिसतात, असंही त्यात आहे. सयामच्या राजाचे वकील तेव्हा हेगला आले होते, त्या बातमीबरोबरच हे छापलं गेलं. गुपित म्हणून आणलेली वस्तू काही आठवड्यांत युरोपभर झाली.

दुसरं कारण कारागिरीचं आहे आणि ते तुम्ही घरी करून पाहू शकता. ओळखीच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा भिंगांचा संच असतो. त्यातलं प्लस दोन नंबरचं एक आणि मायनस आठचं एक भिंग काही मिनिटं मागून घ्या. मायनस आठ डोळ्याशी धरा, प्लस दोन हात लांब करून साधारण 37 सेंटिमीटरवर, आणि समोरच्या दुकानाची पाटी बघा. पाटी चौपट मोठी दिसेल. प्लस दोनचं नाभीय अंतर 50 सेंटिमीटर, मायनस आठचं साडेबारा, भागाकार चार. ही झाली दुर्बीण, नळीसुद्धा लागत नाही. 1608 मध्ये म्हाताऱ्यांसाठी बहिर्गोल आणि लांबचं न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल, दोन्ही भिंगं युरोपातल्या कुठल्याही बऱ्या चष्मेवाल्याकडे होती. अंतर्गोल भिंगं तर पंधराव्या शतकाच्या मध्यापासून वापरात होती. मग दीडशे वर्षं ही गोष्ट कोणालाच का सुचली नाही?

सुचली असेलच. पण तेव्हाच्या भिंगांतून ती चालत नव्हती. स्विस भिंगतज्ज्ञ रोल्फ विलाख यांनी जुनी भिंगं तपासून जे मांडलं ते 2008 मध्ये पुस्तकरूपाने आलं, आणि भिंगं घासणारा माणूस म्हणून मला ते पूर्ण पटतं. चष्म्याच्या भिंगाचा आपण एका वेळी बाहुलीएवढाच तुकडा वापरतो, दोन-चार मिलिमीटरचा. त्यामुळे कडांकडे वक्रता बिघडलेली असली तरी चष्मा म्हणून ते भिंग उत्तम चालतं. दुर्बिणीत मात्र पुढच्या भिंगाचा बराच मोठा भाग एकदम कामाला लागतो आणि कडांचा सगळा दोष प्रतिमेत येतो. पाटी मोठी दिसते पण धुरकट, वाचता येत नाही. असं साधन कोण प्रिन्सला दाखवायला नेईल? त्यावर उपाय काय, तर पुढच्या भिंगावर मध्ये छोटं भोक असलेलं झाकण बसवायचं. कडा झाकल्या, मधला बरा भाग उरला, उजेड कमी झाला पण चित्र स्पष्ट. आजची संचातली भिंगं फार चांगली असतात, त्यामुळे तुम्हाला हा फरक तितका जाणवणार नाही. पण नवशिक्यांनी हाताने घासलेल्या भिंगांवर मी तो कायम पाहतो: नुसतं बघितलं तर अक्षरं विरघळलेली, सेंटिमीटरभर भोकाचा पुठ्ठा लावला की ओळ वाचता येते. फ्लोरेन्सच्या संग्रहालयात गॅलिलिओची जी जुनी दुर्बीण आहे तिचं पुढचं भिंग सुमारे 37 मिलिमीटर व्यासाचं आहे आणि त्यातला जेमतेम 15 मिलिमीटर भाग उघडा ठेवलेला आहे. एवढं कष्टाने घासलेलं भिंग आणि अर्ध्याहून जास्त झाकून टाकलेलं!

विलाख यांचं म्हणणं खरं धरलं तर 1608 चा शोध म्हणजे ते झाकण. आणि ते एकदा एखाद्याने पाहिलं की दुसऱ्याला तीच वस्तू बनवायला एक दुपार पुरते. मिडलबर्गला इटालियन पद्धतीने चांगली काच करणारा कारखाना होता, चष्मेवाले होते, बंदर होतं, ये-जा होती. 25 सप्टेंबरला एक आणि 14 ऑक्टोबरला दुसरा माणूस निघाला याचं मला काही नवल वाटत नाही. कोणी कोणाचं पाहिलं हे मात्र या कागदांवरून कळत नाही.

आता यान्सन. याचं प्रकरण जरा खोलात जाऊन सांगायला हवं, कारण 1590 हे साल सूक्ष्मदर्शकाच्या नावानेसुद्धा आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ठाण मांडून बसलंय आणि दोन्हींचं मूळ एकच आहे.

1655 मध्ये, म्हणजे घटनेनंतर 47 वर्षांनी, पॅरिसमधला डच राजदूत विलेम बोरील याने मिडलबर्गच्या नगरपालकांना चौकशी करायला सांगितलं. बोरील स्वतः मिडलबर्गचा, जन्म 1591 चा. त्याला आठवत होतं की लहानपणी आपण चष्मेवाल्याच्या मुलाशी, झकारियसशी, खेळायचो आणि दुर्बीण त्यांच्या घरात निघाली असं ऐकलं होतं. ही चौकशी ज्याच्यासाठी केली तो फ्रेंच वैद्य पिएर बोरेल. त्याने दुर्बिणीच्या खऱ्या शोधकाविषयी लॅटिन पुस्तकच लिहिलं, आणि त्यात पहिला मान झकारियस यान्सनला दिला, दुसरा लिपरहेला. लिपरहेचं जे एकमेव चित्र आज सगळीकडे दिसतं ते याच पुस्तकातलं आहे. त्याखालची लॅटिन ओळ त्याला 'दुसरा शोधक' म्हणते! लिपरहे 1619 मध्येच वारला होता, चित्र त्यानंतर छत्तीसएक वर्षांनी छापलेलं. तेव्हा चेहऱ्यावरही फार विसंबू नये.

या चौकशीतला मुख्य साक्षीदार म्हणजे झकारियसचा मुलगा योहानेस. त्याने सांगितलं की माझ्या वडिलांनी 1590 मध्ये दुर्बीण शोधली आणि 1618 मध्ये आम्ही दोघांनी मिळून लांब नळ्या बनवल्या. स्वतःचं वय सांगितलं 52. पुढे अभिलेखागारातले कागद निघाले तेव्हा दिसलं की आईवडिलांचं लग्न 1610 चं आणि योहानेसचा जन्म 1611 चा. म्हणजे साक्षीच्या वेळी तो 44 च्या आसपास, आणि 1618 मध्ये सात वर्षांचा. झकारियसचा जन्म 1585 च्या सुमाराचा, म्हणजे 1590 मध्ये तो पाच वर्षांचा पोर. मग कोणी आजोबांना, हान्स मार्टेन्सला, शोधक करून हिशेब जुळवायला बघतं. पण मुलाने तसं म्हटलेलंच नव्हतं.

याच योहानेसने 1634 मध्ये भलतंच सांगितलं होतं. तेव्हा त्याच्याकडे भिंगं घासायला शिकत होता इसाक बेकमन, त्या काळातला नावाजलेला विद्वान, आणि तो रोजनिशी ठेवायचा. बेकमनने लिहून ठेवलंय: योहानेस म्हणतो की माझ्या बापाने या देशातली पहिली दुर्बीण 1604 मध्ये केली, ती एका इटालियनाच्या दुर्बिणीवरून, आणि त्या दुर्बिणीवर 1590 असं साल होतं. म्हणजे 1634 मध्ये 1590 हे साल इटालियनाचं होतं, 1655 मध्ये ते बापाचं झालं. ही रोजनिशी या शतकानुशतकांच्या वादातला मला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. बेकमनला कोणाचीही बाजू घ्यायची नव्हती, तो फक्त गुरू काय म्हणाला ते टिपत होता.

झकारियसबद्दल न्यायालयीन कागद बरेच आहेत, पण ते दुर्बिणीचे नाहीत. तो मिडलबर्गच्या टांकसाळीशेजारी राहायचा आणि खोटी तांब्याची नाणी पाडल्याबद्दल 1613 मध्ये आणि पुन्हा 1618 च्या सुमाराला अडकला, गाव सोडून पळाला. याचा शोधाशी संबंध नाही, नाणी पाडणाऱ्याचे हात भिंगांतही चांगले असू शकतात. महत्त्वाचं वेगळंच आहे. डच इतिहासकार ह्यूब झाउडरवार्ट यांनी दाखवलं की झकारियसचा 'चष्मे बनवणारा' असा पहिला उल्लेख 1616 चा आहे. त्याच्या आदल्या वर्षी तो एका मयत चष्मेवाल्याच्या मुलांचा पालक नेमला गेला होता, आणि बहुधा त्या मयताची अवजारं तिथूनच झकारियसकडे आली. म्हणजे 1608 मध्ये तो या धंद्यात होता याचाच पुरावा नाही.

14 ऑक्टोबरच्या पत्रातला तरुण तो असू शकतो का? वय जुळतं, गाव जुळतं. काही अभ्यासक फ्रँकफर्टचा विक्रेताही तोच मानतात. मी म्हणेन शक्य आहे, पण मिडलबर्गमध्ये तेव्हा तरुण माणसं पुष्कळ होती. बिननावाच्या जागी आपल्याला माहीत असलेलं नाव बसवायचा मोह इथे आवरायला हवा. शिवाय आता पडताळणी आणखी अवघड झाली आहे: 17 मे 1940 रोजी मिडलबर्ग जळालं तेव्हा नगराचं अभिलेखागारही गेलं. कोर्नेलिस डे वार्ड यांनी 1906 च्या आपल्या पुस्तकासाठी जे उतरवून घेतलं होतं त्यावर आज बरंचसं काम चालतं. डे वार्ड स्वतः यान्सनच्या बाजूचे होते, तरी त्यांनी त्याच्या विरोधात जाणारे कागदही प्रामाणिकपणे छापले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

मेटियसची बाजू सगळ्यांत सरळ आहे. दोन वर्षांची मेहनत सांगितली, कोणाला खोटं पाडलं नाही, लिपरहेचं साधन आधी दाखवलं गेलं हेही त्याच्याच अर्जात आहे. त्याचा भाऊ आड्रियान फ्रानेकरच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता, त्याच्यामुळे आणि पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 मध्ये शोधाचं श्रेय याकोबला दिल्यामुळे त्याचं नाव टिकलं. चंद्रावर मेटियस नावाचं विवर आहे, पण ते आड्रियानचं. याकोबने नंतर आपली साधनं कोणाला दाखवायचंच सोडून दिलं.

बाकीचे दावे लवकर संपतात. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने 1589 च्या पुस्तकात बहिर्गोल-अंतर्गोल भिंगं एकत्र वापरण्याबद्दल लिहिलंय, आणि ऑगस्ट 1609 च्या पत्रात हे माझंच चोरलंय म्हणून दुर्बिणीचं चित्रही काढून दाखवलं. पुस्तकातला मजकूर मला अधू नजरेच्या लोकांसाठी भिंगं जुळवण्याबद्दलचा वाटतो, त्यावरून कोणी दुर्बीण बनवू शकणार नाही. इंग्लंडच्या लिओनार्ड डिग्जबद्दल त्याच्या मुलाने 1571 मध्ये लिहिलेलं वर्णन मोठं आहे, वस्तू मात्र त्यातून निघाली नाही. स्पेनमधल्या जिरोनाच्या रोजेट घराण्याचा दावा 2008 मध्ये पुन्हा गाजला. त्याला आधार म्हणजे इटालियन लेखक सिर्तोरीने 1618 मध्ये लिहिलेली तिथल्या वृद्ध कारागिराची भेट, आणि 1593 च्या एका मृत्युपत्रातला पितळेने मढवलेल्या लांब नजरेच्या भिंगाचा उल्लेख. तसं भिंग दांड्याला बसवलेलं एकच मोठं भिंगही असू शकतं.

म्हणून मी लिपरहेला पहिला म्हणतो ते एवढ्याच अर्थाने: चालणारी दुर्बीण परक्या, जाणत्या लोकांच्या हातात तपासणीसाठी देणारा आणि ते सरकारी कागदावर येणारा तो पहिला. पुढे कधी नवा दावा वाचनात आला तर तीन गोष्टी बघा. कागद त्याच काळातला आहे की पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे. त्यात दोन भिंगांचा स्पष्ट उल्लेख आहे की नुसत्या 'लांबचं दिसणाऱ्या काचेचा'. आणि दावा करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी त्यातून पाहिलं का. 25 सप्टेंबर 1608 च्या आधीचा, या तिन्ही कसोट्या पार करणारा कागद निघाला, तर लिपरहेचं नाव मी त्याच दिवशी मागे घेईन.